ओंकारच्या नावाची नळी

आमच्या घरात 'अनफिट' हा शब्द शिवीसारखा वापरला जायचा. गाय आटली की ती अनफिट, विहिरीवरची मोटार बंद पडली की ती अनफिट, आणि आईच्या हातून पोह्यांत मीठ कमी पडलं तर पोहेसुद्धा अनफिट. हा शब्द आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फौजेतून आणला होता. हवालदार म्हणून रिटायर होऊन ते गावी आले तेव्हा एक काळी ट्रंक, एक शिट्टी, एक स्टॉपवॉच आणि हा शब्द एवढं सोबत घेऊन आले. आमचं गाव सातारा जिल्ह्याच्या अगदी टोकाला, चार-पाच शिवारं ओलांडली की सांगलीची हद्द. उसाचं गाव आणि फौजेचं गाव. दर घरातून एक तरी माणूस वर्दीत गेलेला. मुलीला स्थळ आलं आणि मुलगा फौजेत आहे असं कळलं, की पुढचं काही विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती. उलट भरतीच्या मेडिकलमध्ये एखादा पोरगा बाद झाला, तर त्याच्या घरचे कितीतरी दिवस चावडीकडे फिरकत नसत. लोक आवाज खाली करून विचारायचे, 'काय निघालं?' आणि जे काही निघालं असेल ते त्या पोराच्या नावाला कायमचं चिकटायचं.

माझा भाऊ ओंकार माझ्याहून दोन वर्षांनी लहान. मी ज्या दिवसांबद्दल लिहिते आहे तेव्हा त्याची भरतीची शेवटची संधी उरली होती. एकदा ऐन वेळी टायफॉइड झाला होता आणि दुसऱ्यांदा सोळाशे मीटरला तो चार सेकंदांनी मागे राहिला होता. ते चार सेकंद आमच्या घरात एखाद्या पाहुण्यासारखे वर्षभर मुक्कामाला होते. दिवस उजाडता उजाडता आबांची शिट्टी वाजायची, ओंकार कालव्याच्या रस्त्यावर पळायचा आणि आबा सायकलवरून त्याच्या मागे ओरडत जायचे, 'हात ढिला सोड! मान वर!' तिकडून साखर कारखान्याचा भोंगा व्हायचा, इकडे आई भिजवलेले हरभरे, उकडलेली अंडी आणि शेंगदाणे-गुळाचे लाडू मांडून ठेवायची. लाडवाला मी हात लावला तर म्हणायची, 'आगं, ते त्येचं हायती.' बीएस्सी होऊन घरी बसलेल्या मुलीला लाडू कशाला लागतात, हे खरंच होतं म्हणा.

घरात आणखी एक माणूस होतं, शालनकाकी. आबांचा धाकटा भाऊ सुभाष फौजेत लागला, लग्न झालं, आणि लग्नानंतर अडीच महिन्यांत ट्रेनिंगच्या मैदानावर पळता पळता कोसळून गेला. ओंकार तेव्हा पाळण्यात होता. आलेल्या कागदावर ऊन लागून मृत्यू असं काहीसं होतं, पण गावाला कागदाची गरज नव्हती. नवी सून पांढऱ्या पायाची, एवढ्यात सगळं आलं. काकीला माहेरी न्यायला तिचे भाऊ कुंडलहून दोनदा आले, पण ती गेली नाही. ती राहिली, राबली, आम्हा दोघांना तिनं अंगाखांद्यावर वाढवलं. फक्त एक गोष्ट ती न चुकता करायची. ओंकार पळायला किंवा परीक्षेला निघाला की ती मागच्या पडवीत जाऊन उभी राहायची, त्याच्या समोर येऊ नये म्हणून. तिला तसं कुणी सांगितलं नव्हतं, पण कधी कुणी अडवलंही नाही. मीसुद्धा नाही. आज हे लिहिताना त्याची लाज वाटते.

त्या वर्षी सांगलीहून संशोधनवाल्या मॅडम आल्या. त्यांचं नाव मृणाल. माणसाच्या थुंकीतून त्याच्या पिढ्यांचा हिशोब वाचायचं तंत्र तेव्हा नुकतंच खेड्यापर्यंत पोचत होतं. आमच्या भागातल्या घराण्यांमध्ये हृदयाचा एक दोष आईबापाकडून पोरांकडे किती उतरतो, हे त्यांना बघायचं होतं. या दोषात हृदयाचा स्नायू जाड होत जातो. बहुतेकांना कधी काही होत नाही, पण एखादा तरणाताठा माणूस जोरात पळताना एकदम पडतो आणि उठत नाही. घरटी अठरा ते तीस वयाचं एक माणूस हवं होतं. घरोघरी जाऊन संमतीचा कागद वाचून दाखवायचा, नळीत रेषेपर्यंत थुंकी घ्यायची, नंबराची चिठ्ठी लावायची, हे काम मला मिळालं. कुठला नंबर कुणाचा, ती वही कुलपात ठेवायची आणि कुणाला दाखवायची नाही, असं मी लिहून दिलं होतं.

लोकांनी मला हैराण केलं. 'थुंकीतनं काय कळतंय गं? तंबाखू खाल्लेली कळंल?' एक म्हातारा म्हणाला, 'माझा बाप कोन ते बी कळंल का?' सगळे हसले, तो मात्र नातवाला घेऊन आत गेला. त्या घरातून मला नळी मिळाली नाही. पण फौजेच्या घरांचा प्रश्न एकच असायचा, 'मेडिकलवाल्यास्नी कळणार न्हाई न्हवं?' मी कागदावरचं सातवं कलम बोट ठेवून वाचायचे. निकाल कोणालाही, स्वतः त्या व्यक्तीलाही, कळवला जाणार नाही. ते ऐकून लोकांचे चेहरे सैल पडायचे. मलाही ते कलम फार शहाणपणाचं वाटायचं.

आमच्या घरी मात्र आबा अडून बसले. 'भरतीच्या तोंडावर पोराची कसलीबी तपासणी नको. नसतं झेंगट.' मी म्हटलं, 'आबा, मी गावभर नळ्या वाटतीया आणि माझंच घर न्हाई म्हणलं तर लोकं काय म्हणतील?' ओंकार पळायला गेला होता, मला पुढच्या वस्तीवर जायचं होतं. शेवटी आबा वैतागून म्हणाले, 'ठेव हितं. आल्यावर सांगतो त्येला.' नियम असा होता, की थुंकी माझ्यासमोर द्यायची. मी नळीला एकशे सदतीस नंबरची चिठ्ठी लावली, ती घाईत वाकडी बसली, आणि नळी फडताळात ठेवून मी गेले. संध्याकाळी आले तेव्हा नळी रेषेपर्यंत भरलेली होती. 'नमुना समक्ष घेतला' या शब्दांपुढे मी बरोबरची खूण केली. घरचंच तर माणूस, त्यात काय एवढं बघायचं, असा माझा विचार होता. इतकी वर्षं झाली, ती खूण मला अजून दिसते.

तीन-चार महिन्यांनी मी राहिलेले कागद द्यायला सांगलीला गेले. मॅडमच्या टेबलावर एक छापील यादी होती, नुसते नंबर. दोष सापडलेल्यांची. मी उलटं वाचत होते, तरी वाकड्या चिठ्ठीचा तो नंबर मला लगेच दिसला. एकशे सदतीस.  भरतीला नऊ दिवस होते.

'मॅडम, यांना सांगणार ना आपण?' मी विचारलं.

त्यांनी यादी पालथी घातली. 'संशोधनाच्या नैतिकता समितीपुढे ठेवलंय मी. पुढच्या महिन्यात बैठक आहे.'

'पण तोवर कुणी पळता पळता पडलं तर?'

'ऋतुजा, तूच त्यांना वाचून दाखवलंस, कळवणार नाही म्हणून. त्या भरवशावर त्यांनी दिलंय. काहींना खरंच कळून घ्यायचं नसेल. आणि कळवलं की त्यांच्या आयुष्याचं काय होईल, नोकरी, लग्न, याचा विचार आपण केलेलाच नाही.' त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. 'मलाही झोप लागत नाहीये, तुला म्हणून सांगते. पण मी एकटीनं ठरवायचं नसतं हे.'

एशटीत मला खिडकी मिळाली होती, पण बाहेरचं काही दिसलं नाही. माझं सगळं लक्ष एका प्रश्नावर होतं. सांगितलं तर मी लिहून दिलेला शब्द मोडते, आणि भावाची शेवटची भरती माझ्या हातानं घालवते. नाही सांगितलं आणि तो मैदानावर पडला, तर मी जगायचं कसं? घरी आले तर ओंकार अंगणात जोर काढत होता आणि आबा मोजत होते. त्रेसष्ट, चौसष्ट. मला वाटलं, आत्ताच ओरडून थांबवावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आबा उसाला पाणी देत होते तिथं मी गेले आणि सगळं सांगून टाकलं.  आबांच्या हातात खोरं तसंच राहिलं आणि पाणी भलत्याच सरीत शिरलं तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

'कुणाला बोललीस?'

'कुणालाच न्हाई.'

'मग बोलू नगंस. त्येला काय हुईत न्हाई.'

'आबा, मशीन सांगतंय. तुमाला कसं म्हाईत, न्हाई हुईत म्हणून?'

'मला म्हाईत हाय,' ते म्हणाले आणि पाणी वळवायला गेले.

पुढचे दोन दिवस मी कधी विसरणार नाही.  शिट्टी वाजली की मी कालव्याच्या पुलावर जाऊन उभी राहायचे आणि ओंकार वळणावरून दिसेपर्यंत तिथून हलायचे नाही. तो दिसायचा, हात हलवायचा, ओरडायचा, 'आक्का, टायमिंग बघ आजचं!' त्याचं टायमिंग खरंच सुधारलं होतं, पाच मिनिटं वीस सेकंद. मागून आबा यायचे, पण सायकलवर बसून नाही, सायकल हातात धरून चालत. मला त्यांचा इतका राग आला होता, की ते का चालताहेत हे मी विचारलंसुद्धा नाही. पोरापेक्षा वर्दी मोठी झाली या माणसाला, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला बसलो होतो. काकी चुलीपाशी भाकऱ्या थापत होती, आई वाढत होती. ओंकारनं मटकीच्या आमटीत भाकरी कुस्करली आणि म्हणाला, 'उद्यापास्नं दोन येळा पळायचं, आबा?' आबा 'व्हय' म्हणाले. त्या 'व्हय'नं माझा तोल गेला. मी ताट सरकवलं आणि सगळ्यांसमोर बोलले. नंबर, यादी, दोष, पळताना काय होऊ शकतं, सगळं.

 ओंकारचा घास हातातच होता. तो माझ्याकडे बघून म्हणाला, 'आक्का, तुला इचारलं हुतं कुणी?' आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागलं. 'कागदावर काय लिवलंय? कुणाला सांगणार न्हाई. मग आता का सांगतीयास? आठ दिवसांनी सांगायचं व्हतंस.'

'आठ दिवसांनी तू असशील का रं?' मी रडत म्हणाले.

तेव्हा आबा बोलले. 'ती थुंकी त्येची न्हवं. माझी हाय.'

'आवं, काय बोलताय तुमी?' आई म्हणाली.

'मी भरली नळी. ह्यो पळून येतूय, दमलेला असतूय, त्येच्यात काय तरी वाईट निघंल आनि जाईल कुटंतरी मेडिकलला, म्हनून मीच थुंकलो. माझं काय निघणार? चोवीस वर्सं फौजेनं दर साली तपासलंय मला. शेप वन. फिट.' मग त्यांच्या चेहऱ्यावर चक्क सुटका झाल्यासारखं हसू आलं. 'म्हनून तर म्हनत हुतो, त्येला काय हुईत न्हाई. दोष असला तर मला असंल. मी म्हातारा, मला कुटं पळायचंय? पोरगं फिट हाय.'

ओंकारनं सुटकेचा श्वास टाकला. आईनं देवाकडे बघून हात जोडले. मी मात्र गावभर कागद वाचत फिरलेली, मला ते हसू बघवेना. ते पुसायचं काम माझ्यावर आलं होतं.

'आबा,' मी म्हटलं, 'ह्यो दोष रक्तातनं येतो. तुमाला हाय म्हंजे आमाला आलेला असंल, न्हाईतर न्हाई. निम्मं-निम्मं. ओंकारलाबी आणि मलाबी. आणि तुमालाबी तो कुणाकडनं तरी आलाय.'

 आबांच्या तोंडून एकच शब्द आला, 'सुभाष.'

चुलीवरची भाकरी करपल्याचा वास आला. काकी पिठाच्या हातांनीच उठून आमच्यासमोर येऊन उभी राहिली. तिनं मला विचारलं, 'म्हंजी त्यांच्या काळजातच हुतं ते? लगीन व्हायच्या आदीपास्नं?'

'तपासल्याबिगर पक्कं सांगता येत न्हाई, काकी. पण तसंच असंल. जन्मापास्नं.'

'मग माझं पाय न्हवतं,' ती म्हणाली. पुन्हा एकदा म्हणाली, 'माझं पाय न्हवतं.' आणि ती मोठ्यानं रडली. नवऱ्याच्या मातीलासुद्धा ती रडली नव्हती, असं आई सांगायची. आबा उठले, भावजयीपुढे जाऊन उभे राहिले, आणि हात जोडले.  वीस वर्षं त्यांनीही तिला पडवीत उभं राहू दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे सांगलीला. आबांची टूडी इको झाली, त्यांच्या हृदयाचा स्नायू जाड निघाला. गोळ्या सुरू झाल्या. दम लागतो म्हणून ते सायकल हातात धरून चालायचे, हे तेव्हा कळलं. ओंकारचा इको मात्र स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, 'आज काही नाही. पण दोष असला तरी या वयात कधी कधी काहीच दिसत नाही. थुंकीच्या तपासणीचा निकाल यायला तीन आठवडे लागतील.' आबांनी विचारलं, 'मग पळू दे का नको?' डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. 'तसं मी लिहून देऊ शकत नाही,' एवढंच म्हणाले.

मग मी मॅडमसमोर जाऊन बसले आणि वाकडी चिठ्ठी, समोर न घेतलेली थुंकी, खोटी खूण, फोडलेली गोष्ट, सगळं कबूल केलं. त्यांनी माझ्याकडून वही आणि किल्ली काढून घेतली. नोकरी तिथंच गेली. पण नंतर त्यांनी स्वतःच दोन नळ्या काढल्या, एक ओंकारची, एक माझी. 'ह्या नळ्या संशोधनात धरायच्या नाहीत. तुमची तपासणी म्हणून जातील, निकाल तुमच्याच हातात येईल,' म्हणाल्या. जाताना म्हणाल्या, 'तू केलंस ते चूक होतं. नसतं केलंस तर बरोबर झालं असतं का, ते मला सांगता येत नाही. आमच्या कागदात या प्रश्नाला रकानाच नाही.' आज मी स्वतः अशा एका समितीवर गावकऱ्यांच्या वतीनं बसते. आता रकाना आहे. निकाल कळवावा का, हो किंवा नाही. बायाबापड्या मला विचारतात, 'ताई, काय लिवू?' मी कधीच सांगत नाही. मला वाटतं, त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं बळ माझ्यात एकदाच होतं आणि तेव्हाच ते संपून गेलं.

ओंकारनं घरी जाहीर केलं, की तो पळणार. 'निम्मं हाय म्हंजे निम्मं न्हाईबी. आनि ही गेली की वय संपलं माझं.'  आईनं दोन दिवस अन्न टाकलं, तरी तो ऐकेना. भरतीच्या दिवशी सकाळी काकीनं देव्हाऱ्यासमोर त्याच्या हातावर दही-साखर ठेवली. ती पहिल्यांदाच त्याच्या समोर उभी होती. 'जातूस तर जा,' ती म्हणाली, 'पर मी एकदा बघितलंय बाबा, वर्दी घडी करून घरी आलेली.' ओंकारनं दही-साखर खाल्ली आणि तिच्या पाया पडला.

साताऱ्याकडच्या त्या मैदानावर पोरांची एवढी गर्दी होती, की धुळीनं समोरचं दिसेना. छातीवर नंबर लावलेले, अनवाणी, जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेले. दोरीच्या अलीकडे आईबाप. आबा आणि मी त्यांत उभे होतो. ओंकारच्या तुकडीला रांगेत बसवलं. मला त्याचे खांदे दिसत होते आणि माझे ओठ आपोआप काहीतरी पुटपुटत होते, देवाचं नाव होतं की नुसतीच भीती, मला सांगता येणार नाही. तुकडी उभी राहिली. तेवढ्यात तो रांग सोडून दोरीपाशी आला. त्याच्या चेहऱ्यावर मी तोवर कधी न बघितलेली भीती होती.

'आबा,' तो म्हणाला, 'आजपतोर तुमी सांगितलं तसंच पळलो. आजबी तुमीच सांगा. पळू का नको?'

आबांनी आयुष्यभर हुकूम ऐकले होते आणि हुकूम दिले होते. त्यांनी मैदानाकडे बघितलं, जिथं त्यांना पोराला बघायचं होतं. मागून शिपाई ओरडला, 'ए, कौन है, लाइन में आ!' आबांनी दोरीवरून हात घालून ओंकारचं मनगट धरलं.

'नगो,' ते म्हणाले.

ओंकारनं छातीवरचा नंबर काढला, घडी केली आणि दोरीखालून अलीकडे आला. आम्ही तिथून गेलो नाही. का गेलो नाही कुणास ठाऊक. शिट्टी झाली, तुकडी सुटली, आणि चारही फेऱ्या आम्ही तिघांनी उभ्यानं बघितल्या. ओंकारचे ओठ सेकंद मोजत होते. पहिला पोरगा रेषा ओलांडून गेला तेव्हा तो म्हणाला, 'ह्येच्या बरूबर आलो असतो मी.' आबांनी तोंड फिरवलं. त्यांना रडताना मी बघितलं ते तेवढंच.

नंतरचे तीन आठवडे घर मुकं होतं. शिट्टी वाजत नव्हती, लाडू कोणी वळले नाहीत. ओंकार रानात जायचा, परत यायचा, माझ्याशी एक अक्षर बोलायचा नाही. मला त्याचं काही चुकतंय असं वाटत नव्हतं. मी त्याला वाचवलं असं मला म्हणायचं होतं, पण वाचवलं की बुडवलं, हे एका पाकिटात बंद होतं.

पाकिटं आल्याचा मॅडमचा फोन आला तेव्हा तो म्हणाला, 'मी येतो.' एशटीत तो पुढच्या सीटवर बसला. मॅडमनी आम्हाला आत बोलावलं, समजावून सांगू का म्हणून विचारलं. ओंकार नको म्हणाला. पाकिटं घेऊन आम्ही सांगलीच्या स्टँडवर आलो, भडंगच्या गाड्याशेजारच्या बाकावर बसलो. त्यानं स्वतःचं पाकीट फाडलं, कागद वाचला, परत वाचला आणि माझ्यासमोर धरला. त्याच्यात दोष नव्हता. तो पळू शकला असता. वर्दी, टायमिंग, सगळं त्याचं होतं, आणि माझ्या एका शब्दापायी ते गेलं होतं. मला त्याच्याकडे बघवेना. मी म्हटलं, 'मार मला.' खरंच म्हटलं.

त्यानं मला मारलं नाही. तो फलाटाला लागणाऱ्या गाड्या बघत बसला. मग म्हणाला, 'तुझं?'

'मला न्हाई बघायचं,' मी म्हणाले. मॅडम म्हणायच्या तशी मीही आता त्यांतली एक होते, ज्यांना कळून घ्यायचं नसतं. इतरांच्या नळ्या गोळा करताना मला हे कधी समजलं नव्हतं.

'तुला माझं कळलं तवा तू मला इचारलं न्हवतंस,' ओंकार म्हणाला आणि माझ्या मांडीवरचं पाकीट उचलून त्यानं फाडलं. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही. गाड्याशेजारी एक बाई पोराला भडंगाचा पुडा देत होती, तिच्याकडे बघत राहिले. कागदाची घडी घातल्याचा आवाज आला. त्यानं तो कागद स्वतःच्या शर्टाच्या खिशात ठेवला, वरून बटण लावलं.

'गाडी लागली,' तो म्हणाला. महिन्याभरात पहिल्यांदा त्याचा आवाज मऊ होता. 'आक्का, दमानं चल. घाई न्हाई. आनि पिशवी दे तुझी.'

पिशवीत एक वही आणि पाण्याची अर्धी बाटली होती. ती त्यानं माझ्या हातातून काढून घेतली आणि माझ्या पावलाला पाऊल लावून, हळूहळू, गाडीपर्यंत चालत आला. तो कागद मी आजवर वाचलेला नाही. वाचायची मला गरजच उरली नव्हती.